संगणकीय शिल्पांकन : मातीविना घडणारी मूर्ती

संगणकाच्या पडद्यावरील त्रिमितीय आकाराला जणू ओल्या मातीचा गोळा समजून तो दाबणे, ओढणे, खरवडणे, गुळगुळीत करणे आणि अशा रीतीने त्यातून मूर्ती घडविणे या तंत्राला संगणकीय शिल्पांकन म्हणतात. ‘डिजिटल स्कल्प्टिंग’ या इंग्रजी नावानेही ते आपल्याकडे रूढ झाले आहे. चित्रपट, संगणकीय खेळ, दागिने, खेळणी, वैद्यकीय प्रतिकृती आणि अलीकडे सार्वजनिक पुतळे अशा अनेक क्षेत्रांत हे तंत्र पोहोचले आहे. मूर्तिकलेची थोर परंपरा असलेल्या रायगड जिल्ह्याला, पेणच्या गणेशमूर्तींपासून महाड-पोलादपूरच्या शिवकालीन स्मारकांपर्यंत, या तंत्राचा विचार टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

मोजमापाचा आकार आणि हाताचा आकार

संगणकावर त्रिमितीय आकार तयार करण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. त्यांतील फरक समजण्यासाठी महाडचेच उदाहरण घेता येईल. महाड औद्योगिक वसाहत ही प्रामुख्याने रासायनिक कारखान्यांची वसाहत. तेथील एखादी रासायनिक क्रियेची टाकी संगणकावर उभी करायची असेल, तर व्यास, उंची, पत्र्याची जाडी, झाकणाची वक्रता आणि नळ्यांच्या तोंडांची अंतरे एवढी मापे पुरेशी असतात. मापे दिली की आकार सिद्ध होतो. एक माप बदलले की त्यानुसार संपूर्ण आकार बदलतो. अभियंत्यांचे ‘कॅड’ तंत्र ते हेच.

परंतु त्याच परिसरातील पोलादपूर तालुक्यात, उमरठला, नरवीर तानाजी मालुसरे यांचे स्मारक आहे. तानाजींसारख्या योद्ध्याची मुद्रा, कपाळावरची आठी, मिशीचा पीळ किंवा अंगरख्याची चुणी कोणत्या मापांत सांगणार? असे आकार सूत्रात बसत नाहीत. ते हाताने आणि नजरेनेच सापडतात. थोडे दाबायचे, मागे सरून पाहायचे, पुन्हा थोडे भरायचे, ही शिल्पकाराची शतकानुशतकांची रीत. संगणकीय शिल्पांकनाने हीच रीत पडद्यावर आणली. त्यात आकडे नसतात असे नाही. आकडे असतातच, मात्र ते कलावंताच्या नजरेआड राहतात.

पडद्यामागचे गणित

पडद्यावर दिसणारी मूर्ती आतून भरीव नसते. ती असंख्य बिंदूंना जोडणाऱ्या चिमुकल्या त्रिकोणांची किंवा चौकोनांची जाळी असते. प्रत्येक बिंदूला लांबी, रुंदी आणि उंची सांगणारे तीन आकडे असतात. कलावंत दाबसंवेदी पाटीवर लेखणी फिरवतो, तेव्हा लेखणीखालच्या ठराविक वर्तुळातील बिंदू जागेवरून सरकतात. वर्तुळाच्या मध्यावरचे बिंदू सर्वाधिक सरकतात आणि कडेकडे हे प्रमाण कमी होत शून्यावर येते. त्यामुळे उंचवटा बोटाने उचलल्यासारखा दिसतो. लेखणीवरचा दाब वाढला की परिणाम वाढतो. या साधनांना ‘ब्रश’ म्हणतात. कोणता ब्रश पृष्ठभाग फुगवतो, कोणता चिमटतो, कोणता मातीची पट्टी चढवावी तसा थर देतो, तर कोणता सपाट करतो.

बारकावा हवा असेल तर बिंदू पुष्कळ लागतात. त्यासाठी प्रत्येक चौकोनाचे चार चौकोन केले जातात. सहा बाजूंच्या घनापासून सुरुवात केली, तर पहिल्या विभाजनानंतर २४ आणि दुसऱ्यानंतर ९६ चौकोन होतात. दहाव्या विभाजनानंतर ही संख्या ६२ लाख ९१ हजार ४५६ वर जाते. त्वचेवरची रंध्रे, दगडाची खरखर किंवा शालूची वीण दाखविण्यासाठी एवढी घनदाट जाळी लागते. विशेष म्हणजे विभाजनाच्या पायऱ्या संगणक लक्षात ठेवतो. त्यामुळे नाकावरची सुरकुती कोरून झाल्यावरही खालच्या पायरीवर उतरून संपूर्ण नाक रुंद करता येते आणि सुरकुती जागच्या जागी राहते. खऱ्या मातीत ही सोय नाही.

या पद्धतीत एक अडचण होती. जाळीचा एखादा भाग फार ताणला, उदाहरणार्थ डोक्यातून शिंग ओढून काढले, तर तेथील चौकोन लांबट होऊन बारकावा हरपतो. त्यावर दोन उपाय निघाले. पहिल्या उपायात संपूर्ण आकार बारीक घनकणांत मोजून त्यावर समान वीण असलेली नवी जाळी बसवली जाते. दुसऱ्यात, जेथे लेखणी फिरते तेथेच नवे त्रिकोण आपोआप तयार होतात. या उपायांमुळे कलावंताची जाळीच्या चिंतेतून सुटका झाली आणि पडद्यावरची माती खऱ्या मातीच्या अधिक जवळ आली.

याखेरीज शरीराची एक बाजू घडवताच दुसरी आपोआप घडणे, चुकलेला टप्पा मागे घेणे, एकाच मूर्तीचे अनेक पर्याय जपून ठेवणे या सोयी आहेतच. चित्रपटासाठी अशी लाखो चौकोनांची मूर्ती हलवणे अवघड असते. म्हणून तिच्यावर कमी चौकोनांची सुटसुटीत जाळी नव्याने विणली जाते आणि मूळ बारकावे चित्ररूपाने तिच्यावर चढवले जातात. प्रेक्षकाला सुरकुत्या दिसतात, पण संगणकाला त्यांचा भार उचलावा लागत नाही.

प्रयोगशाळेतून कलादालनात

या तंत्राची मुळे १९७० च्या दशकात आहेत. १९७८ मध्ये एडविन कॅटमल आणि जेम्स क्लार्क यांनी खडबडीत जाळीचे विभाजन करून तिच्यातून गुळगुळीत पृष्ठभाग मिळविण्याची रीत मांडली. ती आजही वापरात आहे. १९९१ मध्ये गॅलियन आणि ह्यूज यांनी संगणकातील घनकणांच्या ठोकळ्यातून आकार कोरण्याची पद्धत जाहीर केली. १९९३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी संस्थेत स्पर्शाचा प्रतिरोध हाताला जाणवून देणारे ‘फँटम’ हे उपकरण तयार झाले. पडद्यावरच्या आकाराला टेकताच हात अडतो, ही अनुभूती त्यातून मिळू लागली.

सर्वसामान्य कलावंतापर्यंत हे तंत्र नेले ते ‘झेडब्रश’ या संगणकप्रणालीने. पिक्सोलॉजिक या कंपनीने ती १९९९ मध्ये प्रथम सादर केली. न्यूझीलंडमधील वेटा डिजिटल या संस्थेतील कलावंतांच्या अनुभवातून ‘मडबॉक्स’ ही दुसरी प्रणाली जन्मली आणि २००७ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने ती विकत घेतली. झेडब्रशचे जनक ओफर अलॉन यांना २०१४ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. पुढे २०२२ पासून झेडब्रश मॅक्सॉन या कंपनीकडे गेली.

या व्यापारी प्रणालींइतकेच महत्त्व ‘ब्लेंडर’ला आहे. ही प्रणाली २००२ मध्ये मुक्त झाली. तिचे हक्क सोडवण्यासाठी लागणारे एक लाख युरो जगभरच्या वापरकर्त्यांनी वर्गणीतून उभे केले होते. २००७ मध्ये ब्लेंडरमध्ये शिल्पांकनाची सोय आली. ती विनामूल्य असल्याने, साधारण क्षमतेचा संगणक आणि दाबसंवेदी पाटी एवढ्या सामग्रीवर कोणत्याही गावातील विद्यार्थी हे तंत्र शिकू शकतो. महाड-पोलादपूरसारख्या ठिकाणी, जेथे शिल्पकलेचे महाविद्यालय नाही परंतु चित्रकलेच्या ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमीजिएट’ परीक्षांना बसणारी मुले आहेत, तेथे ही गोष्ट लहान नाही.

कोकणचा हात

संगणकाने शिल्पकाराची जागा घेतली, असे वरवर पाहता वाटते. मराठी शिल्पकलेचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. अलिबाग तालुक्यातील सासवने या गावी १८९१ मध्ये विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवछत्रपतींचे चित्र ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्या साहाय्याने करमरकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुण्यातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ही त्यांची १९२८ मधील कृती. मूर्तीतील घोड्याची ताणलेली मान आणि स्वाराचा तोल पाहताना लक्षात येते, की हे यश उपकरणाचे नसून शरीररचनेच्या अभ्यासाचे आहे. १९६७ मध्ये करमरकरांचे निधन झाले. सासवन्याच्या त्यांच्या घरात आज शिल्पसंग्रहालय आहे.

जुनी रीत आणि नवे तंत्र यांची गाठ पडली ती धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे १९२५ मध्ये जन्मलेल्या राम सुतार यांच्या कामात. जे. जे.मध्ये शिकलेल्या सुतारांनी उमेदीच्या काळात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले होते. गुजरातमधील सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंचीच्या, ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी अनावरण झालेल्या पुतळ्यासाठी त्यांनी आधी लहान प्रतिकृती घडवल्या आणि पुढे ३० फुटी प्रतिकृती सिद्ध केली. तिचे त्रिमितीय स्कॅनिंग करून संगणकात आकार वाढवण्यात आला आणि त्यावरून कांस्याचे तुकडे ओतण्यात आले. चेहरा कसा असावा हे मातीवर ठरले, तर तो डोंगराएवढा कसा करावा हे संगणकाने सोडवले. सुतार यांचे डिसेंबर २०२५ मध्ये निधन झाले. त्यांच्या कार्यशाळेत वयाच्या नव्वदीनंतरही मातीकाम आणि संगणक शेजारी-शेजारी नांदत होते.

जुन्या शिल्पांच्या जतनासाठीही हेच तंत्र उपयोगी पडते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क लेव्हॉय यांच्या चमूने १९९८-९९ मध्ये मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’ या पुतळ्याचे पाव मिलिमीटरच्या आसपास सूक्ष्मतेने मापन केले. त्यातून सुमारे दोन अब्ज बहुभुजांची जाळी तयार झाली. आज लेसर यंत्राविनाही, चोहोबाजूंनी घेतलेल्या शेकडो छायाचित्रांतून संगणक आकार उभा करू शकतो. महाडजवळची गांधारपाले लेणी किंवा रायगडाच्या महादरवाजावरील कोरीवकाम अशा रीतीने नोंदवणे तांत्रिकदृष्ट्या सहज शक्य आहे. नोंदीत राहिलेली छिद्रे बुजवण्यासाठी शिल्पांकनाचीच साधने लागतात. अशा वेळी कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतर भरलेला, हे वेगळे दाखवण्याची शिस्त पाळावी लागते. अन्यथा जतनाच्या नावाखाली कल्पित शिल्प जन्माला येते.

पडद्यावर वजन नसते

संगणकीय शिल्पांकनाची सर्वांत मोठी मर्यादा येथेच आहे. पडद्यावरची मूर्ती पडत नाही, वाकत नाही आणि गंजत नाही. मातीकाम करणारा शिल्पकार प्रथम लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभारतो, कारण सांगाडा नसेल तर पसरलेला हात दुसऱ्या दिवशी खाली आलेला असतो. माती त्याला गुरुत्वाकर्षणाचा धडा रोज देते. संगणक तो देत नाही.

आकार वाढवण्याचे गणितही फसवे आहे. तीन फुटांची मूर्ती ३० फुटांची केली, तर उंची दहापट वाढते, पण पृष्ठभाग शंभरपट आणि घनफळ हजारपट होते. वाऱ्याचा जोर पृष्ठभागावर बसतो, म्हणून तो शंभरपट वाढतो. शिवाय तो दहापट उंचीवर लागू होत असल्याने मूर्ती उलथवून टाकणारा परिणाम हजारपट होतो. पडद्यावर मात्र हे सारे एका आकड्याच्या बदलाने, क्षणार्धात घडते. कोकणच्या किनाऱ्यावर त्यात खाऱ्या हवेची भर पडते.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पूर्ण होण्याआधी, तो कोसळला. चौकशीत गंज, सदोष वेल्डिंग आणि कमकुवत सांगाडा या बाबी पुढे आल्या. त्याच जागी नवा पुतळा उभारून मे २०२५ मध्ये त्याचे अनावरण झाले. मूर्ती कोणत्या साधनाने घडवली, हा या घटनेतील कळीचा प्रश्न नव्हता. मूर्तीचे बाह्यरूप आणि तिला उभे ठेवणारी रचना ही दोन वेगळी शास्त्रे आहेत, हाच त्यातला धडा होय. महाराष्ट्रात सार्वजनिक पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. ही मान्यता मूर्तीच्या कलात्मक अंगाची असते. पाया, सांगाडा, वारा आणि गंज यांचा हिशेब स्थापत्य अभियंत्यानेच द्यावयाचा असतो. संगणकातील एकाच आराखड्यावर शिल्पकार आणि अभियंता दोघेही काम करू शकतात, हा या तंत्राचा खरा लाभ आहे. तो घेतला तरच वेगाला अर्थ राहतो.

पेणचा मूळ नमुना

रायगड जिल्ह्यात मूर्तिकलेवर सर्वाधिक कुटुंबांचे पोट अवलंबून आहे ते पेण परिसरात. पेण शहरासह हमरापूर, जोहे या गावांतील कारखान्यांत वर्षभर गणेशमूर्ती घडतात. कुशल मूर्तिकार प्रथम एक मूळ नमुना घडवतो. त्यावरून रबरी साचा निघतो आणि साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. शेवटी रंगकाम आणि डोळ्यांची आखणी होते. आखणीचा हात ज्याचा, त्याची मूर्ती बोलते, असे या व्यवसायात मानले जाते.

या साखळीत संगणकीय शिल्पांकन शिरू शकते ते पहिल्या कडीवर. मूळ नमुना पडद्यावर घडवून त्रिमितीय मुद्रणयंत्रावर छापला, की त्यावरून साचा नेहमीच्याच पद्धतीने काढता येतो. त्रिमितीय मुद्रणात आकाराचे कागदासारखे पातळ काप करून ते एकावर एक रचले जातात. त्यासाठी प्लास्टिकची तार वितळवतात किंवा द्रवरूप राळ प्रकाशाने घट्ट करतात. एकच नमुना सहा इंची, एक फुटी आणि दोन फुटी अशा आकारांत मिळतो. हात, सोंड किंवा आसन बदलून नवा नमुना थोड्या वेळात तयार होतो.

आणखी एक लाभ सावित्रीकाठच्या लोकांना वेगळा सांगावा लागणार नाही. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा गणेशोत्सव जेमतेम दीड महिन्यावर होता. कच्ची शाडू पाण्यात विरघळते आणि साचा एकदा गेला की नमुना घडवणाऱ्याची मेहनतही त्याबरोबर जाते. संगणकातील नमुन्याची प्रत दुसऱ्या गावी किंवा दूरच्या संगणकावर सुरक्षित ठेवता येते.

मात्र जे सहज जपता येते, ते सहज चोरताही येते. साचा चोरण्यासाठी कारखान्यात शिरावे लागे. संगणकीय नमुना मात्र क्षणात पाठवता येतो आणि बाजारातून विकत घेतलेल्या मूर्तीचे स्कॅनिंग करून तिची हुबेहूब प्रतही काढता येते. १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार शिल्प ही कलाकृती आहे आणि तिच्यावरील हक्क कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे चित्र वा छायाचित्र काढण्यास हा कायदा मुभा देतो. परंतु त्या यादीत शिल्पाच्या त्रिमितीय प्रतीचा उल्लेख नाही. म्हणजे चौकातील पुतळ्याचे छायाचित्र घेणे आणि स्कॅनिंग करून त्याच्या मूर्ती विकणे या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने सारख्या नाहीत. नमुना घडवणाऱ्याने आपल्या मूळ संचिकेवर तारीख, नाव आणि घडणीचे टप्पे जपून ठेवले, तर वाद उद्भवल्यास तो पुरावा ठरू शकतो. कारखानदाराशी करार करताना नमुना एका हंगामासाठी दिला की कायमचा, हेही लेखी असणे हिताचे आहे.

शिकणाऱ्यांसाठी

संगणकीय शिल्पांकन शिकू इच्छिणाऱ्याने प्रणालीच्या कळा पाठ करण्याआधी चित्रकला आणि शरीररचना यांचा अभ्यास करावा, असेच या क्षेत्रातील जाणकार सांगतात. कवटीची ठेवण, मानेचे स्नायू आणि वस्त्राची घडी कोठून सुटते याचे ज्ञान नसेल, तर लाखो चौकोनांची जाळीही निर्जीवच राहते. काही महिने प्रत्यक्ष माती हाताळणे हे उत्तम शिक्षण होय. पुढे ब्लेंडरसारख्या विनामूल्य प्रणालीवर हात बसवून चित्रपट, खेळ, दागिने किंवा मूर्ती यांपैकी एखादे क्षेत्र निवडता येते. प्रत्येक क्षेत्राची अपेक्षा वेगळी असते. चित्रपटाला हलणारी जाळी हवी असते. सोनाराला ओतकामातील आकुंचनाचा हिशेब हवा असतो. मूर्तिकाराला साच्यातून अडखळता न सुटणारा आकार चालत नाही, कारण खोल खाचेत अडकलेला साचा मूर्तीचा कान घेऊनच बाहेर येतो.

एवढे मात्र निश्चित, की उपकरण बदलले तरी मूर्तिकाराची जबाबदारी बदललेली नाही. छिन्नी, कोरणी, साचा आणि आता दाबसंवेदी लेखणी ही सारी हाताची लांबलेली बोटे आहेत. मूर्ती कोणाची, ती कशासाठी आणि ती पावसाळ्यात उभी राहील काय, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखणी देत नाही. ती मूर्तिकारालाच द्यावी लागतात.